स्पर्धेआधी साधनांवर सराव: नेमके काय चालते?

श्वान अजिलिटी म्हणजे कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत. तिच्याबद्दल ‘स्पर्धेच्या दिवशी धावेआधी कुत्र्याने एकही साधन (अडथळा) ओलांडले तर तो बाद होतो’ असा संदेश फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे, आणि त्यामुळे अनेक कुत्री अंग मोकळे न करताच रिंगमध्ये (स्पर्धेच्या आखलेल्या मैदानात) उतरतात, याची आम्हाला काळजी वाटते.

बंदी असते ती रिंगमधल्या मांडणीवर. धावेआधी हँडलरला (कुत्र्याला धाववणाऱ्याला) मार्ग पायी पाहू देतात, पण कुत्र्याशिवाय. त्या वेळी किंवा नंतर कुत्र्याला तिथल्या बोगद्यात, सी-सॉवर सोडले, तर बाद होण्याची वेळ येऊ शकते.

रिंगबाहेरचा सराव-अडथळा ही वेगळी गोष्ट आहे. बऱ्याच संस्था उडीचा एक साधा अडथळा ठेवतात. पण प्रत्येक स्पर्धेत तो असेलच असे नाही. स्वतःचा अडथळा मांडण्याआधी आयोजकांना विचाराच. अडथळा वापरण्यापूर्वी कुत्र्याला पाच-सात मिनिटे चालवा, मग दुडकी चाल. पहिल्या उड्या कमी उंचीवर, शेवटच्या एक-दोन आपल्या गटाच्या उंचीवर. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेच्या नियमांत मोठ्या कुत्र्यांच्या गटासाठी उडीची उंची 55 ते 60 सेंमी आहे. थंड स्नायूंनी थेट तेवढी उडी मारली तर खांदा-कंबर दुखावू शकते. आडवी दांडी धक्क्याने पडली पाहिजे, कधीही बांधू नका. चार-पाच उड्या पुरेत. सर्वांनी एकाच दिशेने उडावे, नाहीतर समोरासमोर टक्कर होते. खाऊ-खेळणी रिंगच्या दारापासून किती लांब ठेवायची, हे त्या स्पर्धेच्या नियमपत्रकात पाहा.