'सिंहगडरोडवासी' यांना उत्तर : खडकवासला आणि माझी तथाकथित वकिली

'खडकवासला भरलं म्हणजे नेमकं काय भरलं?' या माझ्या लेखाखाली 'सिंहगडरोडवासी' असं टोपणनाव घेतलेल्या वाचकांनी लिहिलंय : "दीडशे वर्षं होत आलेल्या, एकदा फुटलेल्या धरणाला सुरक्षित म्हणणं ही पाटबंधारे खात्याची वकिली झाली. टेमघरची गळती, खडकवासल्यातला गाळ, काठावरच्या बंगल्यांचं सांडपाणी, दौंड-इंदापूरच्या वाट्याचं पाणी, यावर अवाक्षर नाही. पेठेतल्या आठवणींनी धरण मजबूत होत नाही."

लेख लांबला होता, हे मान्य. आता बाकीचं.

वकिली म्हटलं की फी आली. ती कोणाकडून आणि कुठे जमा होते, तेवढं कळवा. माझे सासरे कालव्यावर नोकरीला होते, हे मी याच ब्लॉगवर पूर्वी लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही. त्यांच्याशी माझं पाण्याच्या पाळ्यांवरून जेवढं वाजलं तेवढं तुमचं खात्याशी आयुष्यात वाजणार नाही. मतभेद असावेत, जरूर असावेत. पण समोरच्याच्या हेतूवरच बोट ठेवायचं आणि स्वतः मात्र टोपणनावाआड बसायचं, ही कुठली पद्धत?

आता 'एकदा फुटलेलं'. ही दोन पदं टाकून तुम्ही मोकळे झालात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१२ जुलै १९६१ ला आधी फुटलं ते पानशेत. मातीचं धरण, काम पूर्ण व्हायचं होतं, विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या मार्गाच्या, दरवाजांचं काम अर्धवट, आणि तरीही त्या पावसाळ्यात पाणी अडवलेलं. विमोचकाच्या वरचा भराव खचत गेला. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचली, पण पाण्यापुढे ती किती टिकणार? सकाळी पानशेत गेलं आणि ते सगळं पाणी खाली खडकवासल्यावर येऊन आदळलं. खडकवासला हे दगडी बांधकामाचं, फाईफ नावाच्या इंग्रज अभियंत्याच्या काळातलं, १८७९ च्या सुमाराचं धरण. एवढा लोंढा अंगावर घेण्यासाठी ते बांधलेलंच नव्हतं. तरी माथ्यावरून पाणी वाहत असताना ते काही तास उभं राहिलं, आणि मग फुटलं. ऐंशी वर्षं ज्यानं पुण्याला पाणी पाजलं, त्याला वरच्या धरणाच्या पापाबद्दल अजून बोल लावायचा? बरं, आज तुम्ही ज्याच्या भिंतीकडे बोट दाखवता ते त्या घटनेनंतर पुन्हा बांधलेलं, दरवाजे बसवलेलं धरण आहे. म्हणजे 'दीडशे वर्षं'ही अर्धंच खरं.

आणि 'पेठेतल्या आठवणीं'बद्दल. आमचं घर शनिवार पेठेत, नदीकाठच्या ओंकारेश्वराच्या अलीकडे होतं. मी तेव्हा जेमतेम चालायला लागलो होतो. वडिलांनी मला खांद्यावर टाकून वर गाठलं. घर गेलं, आजीची शिवणाची मशीन गेली, आणि माझं लहानपण गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत गेलं. धरण फुटणं म्हणजे काय, हे मला मोबाईलवर वाचून कळलेलं नाही. तेव्हा माझ्या आठवणींना हसण्याआधी थोडा विचार केला असतात तर बरं झालं असतं. (मला स्वतःला त्यातलं काही आठवत नाही असं कोणी म्हणेल. घरात जे पंचवीस वर्षं रोज ऐकलं, ते आठवणच असते.)

लेखात माझा मुद्दा साधा होता. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांचा मिळून साठा २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यात खडकवासल्याचा वाटा १.९७ टीएमसी. पाणी साठतं वरच्या धरणांत; खडकवासल्यातून ते पर्वतीच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे आणि शेतीच्या कालव्याकडे वळवलं जातं, एवढंच त्याचं काम. ते जुलैत लवकर भरतं, दरवाजे उघडतात, नदीपात्रातला भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि पेपरात फोटो आला की पुणेकर वर्षाची पाणीचिंता मिटली समजतात. धोका असेल तर इथे आहे, भिंतीत नाही. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पहाटे पाणी शिरलं तेव्हा कुठलं धरण फुटलं होतं? पस्तीस हजार क्युसेकचा (सेकंदाला तेवढे घनफूट) विसर्ग होता आणि नदीच्या पात्रालगत माणसं झोपली होती. टोपणनावावरून तुम्ही तिकडचेच दिसता. तुमची सोसायटी निळ्या पूररेषेच्या, म्हणजे जिच्या आत बांधकामाला बंदी असते तिच्या, आत आहे की बाहेर? विचारू नये, पण तुम्हीही मला बरंच काही विचारलंय.

बाकी टेमघरचं म्हणाल, तर २०१६ मध्ये गळती उघड झाल्यावर तिथे ग्राउटिंगचं, म्हणजे भिंतीतल्या फटी सिमेंटच्या मिश्रणानं भरण्याचं, काम हाती घेतलं गेलं. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट मी पुन्हा कशाला लिहू? धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी होते, नाशिकला त्यासाठी धरण सुरक्षितता संघटना आहे, शिवाय २०२१ चा कायदाही आहे. गाळ, सांडपाणी, दौंड-इंदापूर हे विषय वेगळे आहेत. एका लेखात सगळं जग बसत नाही.

आणखी एक. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण २०१९ मध्ये फुटलं तेव्हा खेकड्यांवर खापर फोडणाऱ्या मंत्र्यांवर याच ब्लॉगवर काय लिहिलं होतं, ते शोधून वाचा. खात्याचा वकील तसं लिहीत नसतो.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. 'वकिली' तेवढं मागे घ्या, मग गाळावर बोलू.