टाकीत चांदीची नॅनो पावडर? थांबा की जरा

आमच्या वडगावच्या गल्लीतल्या ग्रुपवर चार दिवस झाले एक मेसेज फिरायलाय. चांदीचे नॅनोकण लावलेली टायटॅनियमची पांढरी पावडर एक चमचा टाकीत टाका, उन्हानं पाणी आपोआप शुद्ध, आरओ नको, पावडर जन्मात संपत नाही, आणि चांदी जितकी जास्त तितकी पॉवर जास्त. खाली व्हिडिओ, निळं पाणी बघता बघता नितळ. शेजारचे काका पुडी मागवायलेत म्हणून लिहायला बसलो.

'उन्हानं होतं.' होतं की, पण कुठल्या? टायटॅनियम डायऑक्साइड प्रकाशावर चालतं हे खोटं नाही, १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी त्यावर उजेड पाडून पाण्याचे हायड्रोजन-ऑक्सिजन वेगळे करून दाखवले. पण नुसत्या पावडरला अतिनील किरणं लागतात, साधारण ३८८ नॅनोमीटरच्या (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) खालच्या तरंगलांबीची, ती उन्हात जेमतेम ४-५ टक्के. आणि आपली टाकी काळी, वर झाकण, आत अंधार गुडूप! झाकण काढलं तरी जुलैत इथं कपडे वाळंनात, पाणी कुठनं शुद्ध होणार.

'चांदी जास्त तर पॉवर जास्त.' हे सगळ्यात चुकीचं. उजेड पडला की पावडरीतला इलेक्ट्रॉन उडतो आणि मागं रिकामी जागा राहते, या दोघांनी पाण्याला, ऑक्सिजनला भिडून घाण तोडायची असते, पण बहुतेक जोड्या काही करायच्या आधीच परत एकत्र येतात आणि उजेड वाया. चांदीसारख्या धातूचा कण इलेक्ट्रॉनला ओढून आपल्याकडं ठेवतो, म्हणजे जोडी लगेच जुळत नाही, नवराबायकोतल्या एकाला नोकरीसाठी बेंगळूरला पाठवल्यासारखं. शिवाय सोन्याचांदीचे बारीक कण डोळ्याला दिसणारा प्रकाशही पकडतात, सोन्याचे ५२० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणून तर सोन्याचं नॅनो पाणी लाल दिसतं. पण धातू वाढवत गेलात तर तोच पावडरीवर पसरून उजेड अडवतो आणि वर त्या जोड्यांच्या भेटीचा अड्डाही होतो. म्हणून बहुतेक वेळा वजनाच्या एखाद-दोन टक्क्यांच्या आसपासच थांबतात. खरी कमाल पृष्ठभागाची, असल्या नॅनो पावडरच्या एका ग्रॅमला जवळपास ५० चौरस मीटर, म्हणजे लहानसं घरच की ओ.

'कधी संपत नाही.' ही पावडर कॅटॅलिस्ट, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवणारी, आणि कॅटॅलिस्ट खर्च होत नाही हे पुस्तकात. टाकीत चांदी हळूहळू विरघळते (जंतू मरतात ते बरंचसं त्यामुळंच, एवढं मान्य), क्षार आणि शेवाळ बसून बाकीची पावडरही सुस्त होते.

आता व्हिडिओ. ते निळं पाणी बहुतेक मेथिलीन ब्लू, एमएस्सीला आम्हीही हेच करून टाळ्या घेतल्या. पण हा रंग स्वतःच उजेड शोषतो आणि फिका पडतो, मागावर कापड विणणाऱ्यांना विचारा, उन्हात ठेवलेल्या कापडाचा रंग उडतोच. रंग गेला म्हणजे रेणू पुरता मोडला असं नाही, तुकडे पाण्यातच असू शकतात. क्षार, फ्लोराइड तर जागचे हलत नाहीत, आणि आरओ घेतो आपण त्यासाठीच!

बरं, इतकी बारीक पावडर परत काढायची कशी? साध्या कापडातनं जाते, म्हणून नीट काम करणारे ती काचेवर वगैरे पक्की बसवतात, पाण्यात मोकळी सोडत नाहीत. काका, टाकली असलीच तर ते पाणी पिऊ नका, टाकी उपसून घ्या, आणि तळाशी वाळलेली पावडर झाडूनं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा, धूळ नाकात जायला नको.