मालवणला येताय? आधी तिथी बघा

दर थंडीत तेच मेसेज. "आम्ही दहा जण येतोय, शनिवार-रविवार, स्कुबा कुठे करू, कोण स्वस्तात देतो?" रेट सगळे विचारतात, तिथी एकानेही विचारलेली आठवत नाही. अतिथी म्हणजे तिथी न बघता येणारा, हा शब्द बहुतेक मालवणातच तयार झाला असावा 😄

मागे आमचा पुण्याचा ग्रुप आला तो नेमका पौर्णिमेला. उधाण, त्यात रात्रीचं जागरण, सकाळी दाबून मिसळ, आणि एकाच पॅकेजात स्कुबा, पॅरासेलिंग, बनाना राईड, जेट स्की, म्हणजे सगळं जेवायच्या आत उरकायचं. बोटीत दोघं ओकले, पाणी गढूळ, खाली गेल्यावर इन्स्ट्रक्टरचा हात आणि बिस्किटाच्या चुऱ्यावर तुटून पडलेले चार मासे, एवढंच दिसलं.

हिशोब सोपा आहे हो. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ निघते. अष्टमीला साधारण सहा, सकाळी आणि संध्याकाळी पण. पुनव-अवसेला उधाण, अष्टमी-नवमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, तेव्हा पाण्याला ओढ कमी असते आणि तळ कमी ढवळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, भांगाचे दिवस, सकाळी वारा सुटायच्या आत, यापेक्षा चांगलं काही नाही. जून ते ऑगस्ट सगळं बंदच असतं, तेव्हा फोन करू नका.

आणि स्कुबा म्हणून जे मिळतं ती ट्रायल असते, मागून इन्स्ट्रक्टर धरून ठेवतो. तोंडाने श्वास घेत राहायचं, तो रोखायचा नाही, कान दुखले की नाक दाबून नाकातूनच हळू हवा ढकलायची, नाहीच जमलं तर वर यायची खूण करायची, लाजायचं काय त्यात? खरंच शिकायचं असेल तर तारकर्लीला एमटीडीसीचं सेंटर आहे, पण त्याला दिवस द्यावे लागतात. स्नॉर्कलिंग करताना फोटोसाठी प्रवाळांवर उभं राहणारे बघितले की माझं डोकं फिरतं, अरे ते जिवंत आहेत, दगड नाहीत, आणि 1987 पासून इथे सागरी अभयारण्य आहे.

पाण्यात जायचं नसेल त्यांनी देवबागला जा, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे. त्सुनामी आयलंडवर मात्र ओहोटीलाच, भरतीला तो वाळूचा पट्टा पाण्याखाली जातो आणि लोक गुडघाभर पाण्यात भजी खात उभे. सकाळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर दोरीला हात लावा, कोणी पैसे मागत नाही, उलट नशीब असेल तर चार बांगडे मिळतात.

राहिला प्रश्न कोणाकडे जायचं. "आज पाणी बरा नाय, फाल्या येवा" असं म्हणून गिऱ्हाईक परत पाठवणारा बोटवाला भेटला, तर उद्या त्याच्याकडेच जा.