बेळगाव पसरतंय ते कशामुळं?

"लोकसंख्या वाढली की शहर वाढणारच" हे आपल्याकडं सगळेच म्हणतात. अर्धं खरं आहे. 2011च्या जनगणनेत महापालिका हद्दीत सुमारे 4.88 लाख माणसं होती; कॅन्टोन्मेंट आणि लागून असलेली वस्ती धरली की 6.10 लाख. म्हणजे लाखाच्या वर लोक तेव्हाच हद्दीबाहेर राहत होते. का, ते गुंठ्याच्या हिशेबात कळतं.

एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. बुडाकडून, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडून, रीतसर लेआउट मंजूर करायचा तर रस्ते, बगीचा, नागरी सुविधा यांना जागा सोडावी लागते. विकायला 55 टक्के उरली असं धरा: 30 बाय 40 फुटांचे जेमतेम 20 प्लॉट. तोच एकर बिनमंजुरीचा, अरुंद बोळ ठेवून पाडला आणि पाऊण जमीन विकली, तर 27. वर गटार, पाण्याची लाईन, दिवे यांचा खर्चही वाचतो. मग बॉण्डपेपरवर व्यवहार होतो आणि खात्यासाठी, म्हणजे मालमत्तेच्या दप्तरात नाव लागावं म्हणून, गिऱ्हाईक पुढं वर्षानुवर्षं हेलपाटे घालतं. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. एकराच्या चार भावांत वाटण्या झाल्या की वाट्याला 10 गुंठे. त्यात भात काढून घर चालत नाही. त्यात 2020 साली कर्नाटकानं जमीन सुधारणा कायद्यातली 79-ए, 79-बी ही कलमं काढली आणि बिगरशेतकऱ्यालाही शेतजमीन घेता येऊ लागली.

दिशा ठरते ती अडथळ्यानं आणि रस्त्यानं. पश्चिमेला लष्कराची जमीन, म्हणून शहर तिच्यावरून उडी मारून हिंडलगा, गणेशपूरला गेलं. खानापूर रोडनं उद्यमबाग, पिरनवाडी, मच्छे. पूर्वेला हलग्याजवळ 2012 साली सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत, झालं आणि तिकडं दलालांची नजर वळली.

खरा घात शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारात आहे. बेळगावी बासमतीची काळी माती. बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसात याच शेतांत पसरतं, मग हळूहळू ओसरतं. तिथं प्लॉट पाडणारा आधी मुरूम टाकतो. 30 बाय 40चा प्लॉट तीन फूट उचलायला 36 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट), दबाई धरून त्याहून जास्त. अख्खा एकर उचलला तर 1,300 ब्रास, म्हणजे पाण्याला पसरायची सुमारे 37 लाख लिटरची जागा गेली. ते पाणी शेजारच्या भातात शिरतं, रोप कुजतं, आणि दोन-तीन हंगामांत तोही शेतकरी विकायला तयार होतो. एक भराव पुढच्या भरावाला जन्म देतो. (नाला साफ केला की सगळं मिटेल, असं दर मे महिन्यात सांगितलं जातं. नाला कितीही उपसा, पसरायची जागा परत येत नाही.)

घरालाही सुख नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत न नेता ताज्या भरावावर जोतं बांधलं की भिंती तडकतात, दारं अडकतात. ड्रेनेज नसल्यानं शोषखड्डा करतात, आणि भिजलेल्या काळ्या मातीत तो शोषतच नाही.

प्लॉट घेणाऱ्यांनी एवढं पक्कं लक्षात ठेवावं: एन.ए. (बिगरशेती) ऑर्डर जिल्हाधिकाऱ्यांची, लेआउट मंजुरी बुडाची. पहिली झाली म्हणजे दुसरी झाली असं नाही. दोन्ही मागा, ई-खाता मागा, मास्टर प्लॅनमध्ये तो सर्वे नंबर कशात येतो ते बघा. जागा बघायला एजंट मार्चमध्ये बोलावतो. तुम्ही जुलैत जा, आणि शेजारच्या बांधावर उभं राहून मुरूम किती फूट चढवलाय ते मोजा.