जीवनाचा अर्थ, लेव्हल वन

जीवनाचा अर्थ शोधायला बाहेर पडणार असाल, तर तो कुठे सापडलेला आपल्याला चालणार नाही हे आधी घरीच ठरवून घ्या. मागाहून घोळ होतो. समजा उद्या तो कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळात निघाला, तर शनिवारी तिथे तेल घालणाऱ्या काकूंना तो गेली चाळीस वर्षं फुकटात मिळत होता असं व्हायचं. मग आपण कार्यशाळेसाठी भरलेल्या फीचं काय? आणि समजा अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात निघाला, तर ते पुस्तक आपण कधीच रद्दीत घातलंय. तेव्हा देऊळ नको, प्रयोगशाळाही नको. 'मी धार्मिक नाही, पण आध्यात्मिक आहे' हे वाक्य आरशासमोर दहा वेळा म्हणून बसवा. 'पण'वर किंचित थांबायचं. चार लोकांत ते थांबणंच कामाला येतं.

धर्माची मुख्य अडचण अशी, की तिथे रोज तेच करावं लागतं. माझी मावशी वारीला जाते. देहू ते पंढरपूर, साधारण २५० किलोमीटर, पायी, रोटी घाटासकट. मी तिला एकदा खोलात शिरून विचारलं, "मावशी, चालताना तुला नेमका काय अनुभव येतो गं?" ती म्हणाली, "यवतला पिठलं-भाकरी झकास असते." एवढं चालून ज्या बाईला 'ऊर्जा' हा शब्द वापरता येत नाही, तिच्याकडून आपण काय शिकणार?

विज्ञानाची अडचण वेगळी. ते दिवसाढवळ्या, लाज न बाळगता 'माहीत नाही' म्हणतं. हा त्याचा दोष आपल्या फार उपयोगाचा आहे, म्हणून पुढचं वाक्य पाठ करून ठेवा: "विश्वाचा ९५ टक्के भाग काय आहे हे विज्ञानालाच माहीत नाही!" म्हणजे उरलेल्या ९५ टक्क्यांत आपल्याला हवं ते ठेवायला मोकळी जागा. मागचे जन्म, पुढचे जन्म, आजीचा आशीर्वाद, सगळं मावतं. आता एखादा आगाऊ भाचा विचारील, की हा ९५चा आकडा काढला कुणी? तो त्या विज्ञानानेच काढलाय. दीर्घिकांच्या कडेचे तारे हिशेबापेक्षा जोरात फिरताना दिसले, १९७०च्या दशकात व्हेरा रुबिनबाईंनी त्यांचे वेग चिकाटीने मोजले, पुढे आणखी पुष्कळांनी आणखी पुष्कळ मोजलं, तेव्हा आपल्याला न दिसणारं किती आहे हे ठरलं. म्हणजे आपल्या अज्ञानाचंही त्यांनी माप घेतलंय. भाचा इथवर आला की त्याला चहा घेणार का विचारा.

मापावरून आठवलं. या मार्गात ऊर्जा, कंपनं, फ्रिक्वेन्सी आणि क्वांटम हे चार शब्द पुरतात. पण त्यांच्यामागे एकक कधीही लावू नका. 'या खोलीत खूप ऊर्जा आहे' इथेच थांबायचं. किती ज्यूल, असं कुणी विचारलंच तर त्याची ऊर्जा नकारात्मक आहे. क्वांटम तर फार गुणी शब्द. 'निरीक्षकामुळे वास्तव बदलतं' असं म्हटलं की समोरचा गप्प होतो. तिथे निरीक्षण म्हणजे इलेक्ट्रॉनला उपकरणाने गाठणं असतं, आपण सोफ्यावर बसून त्याचा विचार करणं नव्हे, ही बारीकसारीक बाब झाली. दीर समीकरण विचारतील या भीतीने 'क्वांटम' टाळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. घाबरू नका, दिरांनाही येत नाही.

फ्रिक्वेन्सीला मात्र अपवाद म्हणून एक आकडा चालतो: ४३२. तो पाठच करा. ४३२ हर्ट्झ हा विश्वाचा मूळ सूर असून जगाने संगनमत करून ४४० हा सूर प्रमाण मानला आणि तेव्हापासून माणसाची झोप उडाली, असं आपल्याला सांगायचं आहे. ४४० खरोखरच प्रमाण आहे. १९३९ साली लंडनला परिषद भरवून ते ठरलं, कारण गावोगावच्या वाद्यवृंदांचे सूर जुळेनात. आपल्याकडे हा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे सा ज्याचा त्याचा. पेटीवाला फक्त 'काळी दोन की पांढरी चार?' एवढं विचारतो आणि बसतो. माझी खरी पंचाईत निराळीच झाली. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. आणि सेकंद म्हणजे दिवसाचे ८६,४०० तुकडे, हा माणसाने घातलेला घाट. आपल्या जुन्या हिशेबात दिवसाच्या साठ घटिका, घटिकेची साठ पळं. एक पळ २४ सेकंदांचं. म्हणजे तोच वैश्विक सूर पेशवाईत पळाला १०,३६८ भरला असता, आणि १०,३६८ या आकड्याकडे बघून कुणाचाही ऊर उचंबळून येत नाही. हे गणित मी कार्यशाळेत मांडलं नाही. तुम्हीही मांडू नका. फी परत मिळत नाही.

कार्यशाळेकडे येतोच, पण त्याआधी परंपरेविषयी थोडं. आपला मार्ग नवा आहे असं समजून संकोचू नका. १८७५ साली न्यूयॉर्कला मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट यांनी थिऑसॉफिकल सोसायटी नावाची गूढविद्येची संस्था काढली आणि १८७९च्या फेब्रुवारीत दोघं जहाजाने मुंबईत उतरून गिरगावात राहायला आली. एका बाजूला पाद्री, दुसऱ्या बाजूला डार्विन, आणि मधल्या बोळात ही मंडळी. जागा अचूक निवडली होती. हिमालयातले महात्मे त्यांना पत्रं धाडत. टपालाने नव्हे, पत्र छतातून टपकन खाली पडे. १८८२ साली मुक्काम मद्रासजवळ अड्यारला हलला. तिथे देव्हाऱ्यासारखं एक कपाट होतं. त्यात चिठ्ठी ठेवून दार लावलं की थोड्या वेळाने आत उत्तर हजर. १८८५ साली लंडनच्या एका संशोधन संस्थेचा हॉजसन नावाचा तपासनीस अहवाल देऊन मोकळा झाला, की कपाटाच्या मागच्या बाजूने भिंतीपलीकडून हात घालायची सोय होती आणि पलीकडे ब्लाव्हाट्स्कीबाईंची निजायची खोली होती. घरातल्याच सुतारकाम जाणणाऱ्या माणसाने आणि त्याच्या बायकोने फितुरी केली होती. त्यावरून घ्यायचा धडा एकच: सुताराचे पैसे थकवू नयेत. (पुढे १९८६ साली त्याच संस्थेच्या नियतकालिकात हॉजसनच्या अहवालावरच कडक टीका छापून आली. म्हणजे शंभर वर्षांनीही संशय शिल्लक. आपल्याला याहून जास्त काय हवं?)

पुरावा मागणारा कुणी भेटलाच तर २१ ग्रॅम सांगा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये डंकन मॅकडुगल नावाच्या डॉक्टरांनी मरणपंथाला लागलेले सहा रोगी खाटेसकट काट्यावर ठेवले आणि १९०७ साली जाहीर केलं, की प्राण जाताच पाऊण औंस वजन घटलं. पाऊण औंस म्हणजे २१ ग्रॅम; सराफाच्या भाषेत दोन तोळ्यांवर एक ग्रॅम, घडणावळ वेगळी. हा आकडा सहातल्या पहिल्या रोग्याचा. दोघांची मोजणी डॉक्टरांनीच बाद केली, बाकीच्यांची आकडेवारी एकमेकींशी जुळेना. मग त्यांनी पंधरा कुत्रे तोलले, त्यांचं वजन काही घटलं नाही. त्यावरून त्यांना कुत्र्याला आत्मा नसतो असं वाटलं. काटा बरोबर नसावा, असं वाटायला हरकत नव्हती. आमच्या सोसायटीतल्या, रोज पहाटे भटक्या कुत्र्यांना पोळ्या घालणाऱ्या आजोबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी त्या डॉक्टरांविषयी जो शब्द वापरला तो अध्यात्मात बसत नाही.

एक धोका मात्र टाळा: परीक्षेला बसू नका. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषांपुढे साधी गोष्ट ठेवली. प्रत्येकाला चाळीस पत्रिका द्यायच्या; त्यातली हुशार मुलं कोणती आणि मतिमंद कोणती तेवढं सांगा. २७ जणांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवलं तर चाळिसात वीस बरोबर येतात. सगळ्यांत चांगल्या ज्योतिषाची चोवीस आली. बाकीच्यांची सरासरी नाण्याच्याही खाली. त्यानंतर कुणाचा धंदा बसला म्हणता? छे. दाभोलकरांचं पुढे २०१३ साली काय झालं, ते आपण जाणतो. तिथे मला विनोद सुचत नाही, म्हणून पुढे जातो.

तर कार्यशाळा. कर्वे रस्त्यापासून आत एका हॉलमध्ये, रविवारी सकाळी आठला. फी अकरा हजार एकशे अकरा, अधिक १८ टक्के जीएसटी. बाकीचं सगळं जन्मजन्मांतरीचं असलं तरी जीएसटी याच जन्मात. दारात चपला काढायच्या, मोबाइल परडीत ठेवायचा, छातीवर नावाची चिकटपट्टी लावायची. माझ्यावर 'साधक १४' लिहिलं होतं. हॉल मूळचा लग्नाचा, त्यामुळे मंचामागे थर्माकोलच्या कमानीत आदल्या दिवशीच्या 'चि. सौ. कां.'मधलं 'सौ.' तेवढं उरलेलं. त्याच्या खाली मॅम बसल्या होत्या, पुढ्यात पितळेची एक तिबेटी वाटी. लाकडी दांडका कडेने फिरवला की ती घुमायची. खोटं कशाला बोलू, आवाज सुंदर होता. पोटात कुठेतरी हलल्यासारखं झालं. सकाळचा चहा झाला नव्हता, तरीही.

मग सगळ्यांना सतरंजीवर आडवं करून मागच्या जन्मात नेलं. दहा पायऱ्या उतरायच्या, समोर दार, दार ढकलायचं. परत आल्यावर एकेकाने सांगायचं. साधक ३ इजिप्तमध्ये पुजारीण होती. साधक ७ आणि साधक ११ दोघेही शनिवारवाड्यावर होते आणि एकमेकांना ओळखत नव्हते. वाडा मोठा होता, होऊ शकतं. एक सॉफ्टवेअरवाले पानिपतावर थेट भाऊसाहेबांच्या शेजारी लढत होते. ऐकता ऐकता माझ्या मनात आलं, १७६१ साली त्या सैन्याबरोबर केवढे बाजारबुणगे होते. तंबू ठोकणारे, चारा कापणारे, यात्रेकरू, भांडी घासणाऱ्या बायका. लढणाऱ्यांहून जास्तच. त्यांतला एकही पुनर्जन्म घेऊन कोथरूडकडे फिरकला नाही? की फी परवडली नाही?

माझी पाळी आली. मला दारच दिसलं नव्हतं. नवव्या पायरीवर डोळा लागला होता. पण सतरा जण आशेने बघत असताना 'झोपलो होतो' म्हणणं जिवावर आलं, म्हणून मी भीत भीत नाना फडणवीसांच्या दप्तरातला एक कारकून सांगितला. मॅमनी डोळे मिटले. "खूप छान सर. तुमचं कर्म लेखणीशी बांधलेलं आहे." आणि काय सांगू, मला बरं वाटलं. घरी येऊन मी मोडीचं पुस्तक मागवलंसुद्धा. शेजारच्या काकांना, बहुधा निवृत्त बँकवाले, काहीच दिसलं नव्हतं आणि त्यांनी तसं सरळ सांगून टाकलं. मॅम म्हणाल्या, "तुमच्यात ब्लॉकेज आहे." काकांचा चेहरा उतरला. त्यांची बायको मार्चमध्ये गेली होती, असं मागाहून चहाच्या रांगेत कळलं. त्यांना मागचा जन्म नकोच होता. ती कुठे दिसते का, एवढंच बघायचं होतं.

अशा वेळी काय करावं हे कुठल्याच लेव्हलला शिकवत नाहीत, तेव्हा मी त्यांच्या कपात साखर घातली. त्यांना मधुमेह निघाला.

दुपारी जेवण. सात्त्विक, कांदा-लसूण वर्ज्य. लेव्हल टूची नोंदणी जेवणाच्या टेबलाशेजारीच होती, पहिल्या दहांना सवलत. मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "पण लेव्हल वनमध्ये अर्थ सापडला नाही तर?" ती हसून म्हणाली, "सर, वनमध्ये फक्त प्रश्न असतो." हे मला इतकं पटलं की हात खिशाकडे गेला. पाकीट मोबाइलबरोबर परडीत होतं.

ताट घेऊन वळलो तर वाढपी पोरगा डाव्या बाजूचं वाढत होता. केटररला भांडी कमी पडली असावीत. ओल्या खोबऱ्याची हिरवी चटणी त्याने मंचावरच्या त्या तिबेटी वाटीत काढली होती, काठोकाठ. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे. मग त्यांनी चमच्याने वाटीच्या कडेवर अलगद एक टिचकी मारली.

वाजली. चटणीच्या वजनाने सूर जरा उतरला होता. काळी दोनवरून पांढरी दोनवर आली असेल.

"अजून थोडी वाढ रे," काका म्हणाले.