वॉशिंग्टनच्या मृत्युपत्राने सगळे गुलाम सुटले का?

‘जॉर्ज वॉशिंग्टनने मृत्युपत्रात आपले सगळे गुलाम मुक्त केले, तो जाताच ते स्वतंत्र झाले आणि त्याची बायको मार्था हिने तर मोठ्या मनाने त्यांना मुदतीआधीच सोडलं’, असा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. एकेक विधान घेऊ.

‘सगळे गुलाम.’ नाही. 1799 मध्ये माउंट व्हर्ननवर, म्हणजे वॉशिंग्टनच्या व्हर्जिनियातल्या शेतजमिनीवर, 317 माणसं गुलामीत होती. त्यातली 123 वॉशिंग्टनच्या मालकीची, 41 भाड्याने आणलेली. उरलेली 153 मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या, डॅनियल कस्टिसच्या इस्टेटीतली. त्यांच्यावर तिचा हक्क हयातीपुरता. पुढे ती कस्टिसांच्या वारसांकडे जाणार होती. वॉशिंग्टनचं मृत्युपत्र चालणार होतं ते फक्त 123 जणांपुरतं.

खरी ताटातूट इथेच झाली. दोन्ही गटांतल्या माणसांची आपसांत लग्नं झालेली, आणि व्हर्जिनियात 1662 पासून मूल आईचा दर्जा घेऊनच जन्मायचं. सुतार आयझॅक वॉशिंग्टनचा. दूधदुभतं बघणारी त्याची बायको किटी कस्टिस इस्टेटीची, म्हणून मुलीही कस्टिसांच्याच. मृत्युपत्राने मुक्ती दिली ती एकट्या बापाला. 1802 मध्ये मार्था वारली आणि इस्टेटीतल्या माणसांची तिच्या चार नातवंडांत वाटणी झाली.

‘तो जाताच.’ मृत्युपत्रानुसार सुटका व्हायची होती मार्थाच्या मृत्यूनंतर. ताबडतोब सुटला एकटा विल्यम ली, वॉशिंग्टनचा खास नोकर. त्याला वर्षाला 30 डॉलर लावून दिले होते.

‘मोठ्या मनाने.’ शंभरावर माणसांचं स्वातंत्र्य आपल्या मरणावर अडकलंय, त्यांच्या हाती आपला जीव सुरक्षित नाही, असं मार्थाला वाटत होतं. तिला भेटून आलेल्या अबिगेल ॲडम्सने, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या पत्नीने, तसं पत्रात लिहिलंय. डिसेंबर 1800 मध्ये मार्थाने मुक्तिपत्रावर सही केली. ते 1 जानेवारी 1801 पासून लागू झालं. तिच्या स्वतःच्या मालकीच्या एलिश नावाच्या गुलामाला मात्र तिने सोडलं नाही, मृत्युपत्राने नातवाच्या नावे केलं. याला मोठं मन म्हणणं आम्हाला मान्य नाही.

एक गोष्ट वॉशिंग्टनच्या बाजूने नोंदवायलाच हवी. म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना अन्नवस्त्र द्यावं असं त्याने बजावलं होतं, आणि इस्टेटीने ते 1833 पर्यंत दिलं. पुढच्या मृत्युपत्रांची वाट याहून बिकट झाली. 1806 च्या कायद्याने, त्यानंतर मुक्त होणाऱ्याने 12 महिन्यांत व्हर्जिनिया सोडायचं. राहिला तर त्याला पुन्हा विकता येत होतं.