योसेमिटीचं बुकिंग आणि आपलं ‘बघू नंतर’

मंडळी, जरा तिखट लिहितेय, गोड मानून घ्या.

मे संपत आला की कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियातल्या मराठी ग्रुपांवर हमखास विचारणा सुरू होते: ‘४ जुलैच्या सुट्टीत योसेमिटीला कॅम्पिंग, कोण कोण येतंय?’ मग कुणीतरी बुकिंगची वेबसाईट उघडून बघतं, ‘अरे, सगळं फुल्ल!’ म्हणून कळवतं, आणि आपण सरकारला नि आपोआप बुकिंग करणाऱ्या बॉट्सना शिव्या घालून मोकळे होतो.

अहो, फुल्ल नाही होणार तर काय! योसेमिटी नॅशनल पार्कच्या व्हॅलीतल्या, म्हणजे मुख्य दरीतल्या, अप्पर पाइन्स, लोअर पाइन्स या कॅम्पग्राउंडांवरच्या तंबूच्या जागा महिन्याच्या १५ तारखेला सकाळी ठीक ७ वाजता सुटतात, पुढच्या पाच महिन्यांपर्यंतच्या. ४ जुलैचा नंबर फेब्रुवारीतच लागतो, आणि चहा गाळून होईस्तोवर जागा संपलेल्या असतात. मेमध्ये जाग आली तर दोष कुणाला द्यायचा?

पण माझं खरं भांडण उशिरा उठणाऱ्यांशी नाहीच, वेळेत उठून गरजेपेक्षा जास्त धरून ठेवणाऱ्यांशी आहे. एका जागेवर माणसं सहाच, पोरंटोरं धरून. म्हणजे चार कुटुंबांना तीन जागा हव्यातच. मग ‘असू दे हाताशी’ म्हणत जो तो दोन-दोन वीकेंड अडवतो. जूनमध्ये कुणाची क्रिकेट मॅच निघते, कुणाच्या मुलीचं अरंगेत्रम, आणि बेत बारगळतो. बुकिंग मात्र तसंच राहतं, कारण रद्द करताना दहा डॉलर कापले जातात आणि ते जिवावर येतात. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारची जागा शनिवारची अख्खी रात्र रिकामी होती. टेबल, शेकोटीचं लोखंडी कडं, सगळं जागच्या जागी, फक्त माणसांचा पत्ता नाही. तीच जागा आठवडाभर आधी सोडली असती तर साईटवर परत दिसली असती आणि कुणीतरी पटकन उचलली असती. सात वाजता सहा लॅपटॉप उघडून बसणं जमतं आपल्याला. नक्की कोण येणार हे जानेवारीत ठरवणं आणि जमत नसेल तर वेळेत सोडणं, हे तेवढं जमत नाही.

ज्यांचं खरंच आधी ठरत नाही, त्यांनी कॅम्प ४ बघावा. गिर्यारोहकांचा हा जुना अड्डा २००३ पासून अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आहे. मोसमात तिथलं बुकिंग आठवडाभरच आधी मिळतं, आणि तेही माणशी. गाडीपासून सामान वाहायचं, अनोळखी लोकांच्या तंबूला तंबू लावायचा. लाजाळू लोकांनी जाऊ नये!

तारीख मिळाली तरी निसर्ग आपल्या एक्सेल शीटवर चालत नाही. बर्फामुळे २०२३ साली उंचावरच्या कुरणांकडे जाणारा टायोगा रोड उघडायला २२ जुलै उजाडला. त्यामुळे तिकडे जायचा बेत असेल तर खाली व्हॅलीतला एक पर्यायी बेत हवाच.

आणि सामानाची यादी करताना अस्वलांचा विचार आधी करा. प्रत्येक जागेवर तपकिरी लोखंडी पेटी असते. वास येणारं सगळं तिच्यात: पोहे, लोणचं, बाकरवडी तर आलीच, पण टूथपेस्ट, साबण, खोबरेल तेल आणि उदबत्तीसुद्धा. अंधार पडल्यावर गाडीत चिवड्याचं पाकीटही ठेवायचं नाही. अस्वल गाडीचा दरवाजा वाकवून आत शिरतं. पेटीचा आकार आधी बघून घ्या, कारण दोन मोठे कूलर आणि पाच लिटरचा कुकर एकत्र मावत नाहीत. आणि दार उघडं टाकून गप्पा मारत बसू नका, ती कडी तिथे बसलेलो असतानाही लागलेली हवी.

शेवटचं, जरा नाजूक. बऱ्याच जणांना उन्हाळ्यातलीच तारीख हवी असते कारण तेव्हा पुण्याहून, नागपुरातून आई-बाबा आलेले असतात. त्यांना कुणी विचारलेलं असतं का? जमिनीवर झोपायचं, रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन टॉयलेट शोधायचं, पहाटेची थंडी. काहींना हे मनापासून आवडतं. ज्यांना नाही आवडत ते आपल्या उत्साहापुढे गप्प बसतात. अशा वेळी त्यांच्यासाठी पार्कबाहेरच्या मॅरिपोसा गावात हॉटेल घ्या. यार्ट्स या सार्वजनिक सेवेची बस तिथून थेट व्हॅलीत येते, आणि उन्हाळ्याच्या गर्दीत पार्किंग शोधत बसण्यापेक्षा तीच बरी.